पाळणा कलंडू लागतो तेव्हा

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी ट्रॅव्हर्स सिटी नावाचे लहानसे शहर आहे. चेरीच्या बागांसाठी ते ओळखले जाते आणि दर जुलैत तिथे चेरीचा मोठा उत्सव भरतो. खाण्याची दुकाने, रोषणाई, पोरांचा गलका आणि गावोगाव फिरून उभे राहणारे पाळणे. म्हणजे आपली जत्राच. ८ जुलै २०२१ च्या रात्री यातल्या एका पाळण्याचा पायाच जमिनीवर डुलू लागला. ‘मॅजिक कार्पेट’ नावाच्या या पाळण्यात माणसे ओळीने शेजारी शेजारी बसतात आणि यंत्राचा दांडा त्यांना उंच नेऊन झपकन खाली आणतो. त्या रात्री प्रत्येक फेरीला खालचा पाया कधी पुढे झुकत होता, कधी मागे. वर बसलेल्यांना उतरायची सोय नव्हती.

बघणाऱ्यांतला एक जण धावत गेला आणि त्याने पुढचा कठडा घट्ट धरला. मग दुसरा गेला, तिसरा गेला. बघता बघता डझनभर माणसे पायाला लटकली. पाळणा थांबला, सगळे सुखरूप उतरले. दुसऱ्याच दिवशी पाळणा सुटा करून तिथून हलवण्यात आला. या प्रसंगाची चित्रफीत पुढे जगभर फिरली.

ती पाहून पहिला प्रश्न पडतो तो असा, की डझनभर माणसांच्या वजनाने एवढे अवजड धूड खरेच सावरते का? याचे उत्तर बागेतल्या सी-सॉमध्ये आहे. कलंडणारी वस्तू आपल्या पायाच्या एका कडेवर कलंडते. त्या कडेपासून जितके लांब वजन टाकावे, तितका त्याचा परिणाम जास्त. हिशेबापुरते समजू, की फिरणारी माणसे आणि त्यांचा बाक मिळून सहा मीटर उंचीवर अर्ध्या टनाची आडवी ओढ लावत आहेत. म्हणजे कडेभोवती तीन टन-मीटर इतका कलंडवणारा जोर झाला. आता प्रत्येकी साठ किलोची बारा माणसे त्या कडेपासून तीन मीटरवर लटकली, तर त्यांचा उलटा जोर दोन टन-मीटरच्या थोडा वर जातो. यंत्राचे स्वतःचे वजन कामाला असतेच, त्यात ही भर पडली. तेव्हा त्या लोकांची धडपड अगदीच वाया जाणारी नव्हती.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. लटकणारा माणूस कितीही पहिलवान असला, तरी तो स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढ लावू शकत नाही. पाया वर आला की त्याच्याबरोबर तोही वर जातो. गुरुत्वमध्य एकदा कडेच्या बाहेर गेला, की बारा काय, पन्नास माणसेही पुरत नाहीत. शिवाय असा पाळणा दोन्ही बाजूंना डुलत असतो. या झोक्याला जी बाजू वर उचलली जाते, त्याच बाजूला तो पुढच्या झोक्याला कोसळू शकतो. लटकणाऱ्यांनी मोलाचे काही सेकंद मिळवून दिले असतील, पण वरच्या माणसांची सुटका होते ती पाळण्याची गती थांबते तेव्हाच. त्या लोकांचे कौतुक जरूर करावे. पाठ म्हणून मात्र हा प्रसंग गिरवू नये.

मुळात असे धावण्याची वेळ का यावी? कायमस्वरूपी उद्यानातला पाळणा काँक्रीटच्या पायात बोल्टने जखडलेला असतो. जत्रेतला पाळणा रात्री ट्रकमधून येतो, सकाळपर्यंत उभा राहतो आणि आठवड्याभरात पुन्हा सुटा होऊन पुढच्या गावाला जातो. तो दर गावात नव्याने जन्मतो, असे म्हटले तरी चालेल. गेल्या गावात तो नीट चालला याला इथे फारसा अर्थ नसतो, कारण इथली जमीन वेगळी असते.

आपल्याकडे ही जमीन म्हणजे बहुधा शाळेचे पटांगण, नुकते पीक काढलेले रान किंवा नदीकाठ. दख्खनची काळी माती सुकली की भेगाळते आणि ओली झाली की फुगून मऊ पडते. अवकाळीची एक सर येऊन गेली, तर कालची टणक जागा आज भार पेलेलच असे नाही. पाळण्याचा सगळा भार मोजक्या जॅकवर, म्हणजे पायाखालच्या टेकूंवर असतो. तो पसरावा म्हणून त्याखाली लाकडी ठोकळे किंवा फळ्या घालतात. चार मीटर रुंद पायाची एक बाजू नुसती चार सेंटिमीटर खचली, तर पंधरा मीटर उंचीवरचा शेंडा पंधरा सेंटिमीटर बाजूला सरकतो. त्यात दर फेरीचा हिसका. ठोकळे हळूहळू दबतात, सरकतात, म्हणून पाया समतल आहे की नाही हे एकदाच पाहून भागत नाही. दिवसातून अनेकदा, आणि पाऊस पडून गेल्यावर तर हमखास, ते पुन्हा पाहावे लागते. राजकोटच्या गेम झोनमध्ये मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीनंतर गुजरातने अशा खेळांचे नियम कडक केले. त्याच वर्षी तिथल्या जन्माष्टमीच्या मेळ्यात पाळणेवाले आणि प्रशासन यांच्यात वाद झाला, तो याच पायाच्या अटीवरून. चार दिवसांच्या मेळ्यासाठी काँक्रीटचा पाया कोण घालणार, ही पाळणेवाल्यांची अडचण खरी आहे. पण मातीला ती अडचण समजत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकडी-सरळ केली की तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. पाळण्याचा दांडा दिवसात शेकडो वेळा एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. वेल्डिंगच्या जोडाशी केसाएवढी चीर पडते, वाढत जाते आणि वरून रंगाचा नवा हात चढला की दिसेनाशी होते. पोकळ नळीत पाणी शिरले तर गंज आतून खात राहतो. अमेरिकेतल्याच ओहायो राज्याच्या मेळ्यात २६ जुलै २०१७ रोजी, पहिल्याच दिवशी, ‘फायर बॉल’ नावाच्या पाळण्याचा आसनांचा एक गट हवेत तुटला. अठरा वर्षांचा एक तरुण जागीच गेला आणि सात जण जखमी झाले. आसने धरून ठेवणारी तुळई आतून गंजून तिचा पत्रा धोकादायक इतका पातळ झाला होता, असे बनवणाऱ्या कंपनीने पुढे सांगितले. चटका लावणारी गोष्ट अशी, की तो पाळणा त्याच दिवशी तपासणीत पास झाला होता. नुसत्या नजरेने केलेली तपासणी आतल्या गंजापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजावी लागते, चिरा शोधणारे रंगद्रव्य किंवा चुंबकीय चाचणी वापरावी लागते. ब्रिटनमध्ये जत्रेतल्या पाळण्यांची दरवर्षी स्वतंत्र तपासणी होते आणि तिचा दाखला असल्याशिवाय पाळणा चालवायचा नसतो. आपल्याकडे परवानगीचे कागद अनेक टेबलांवरून फिरतात. त्यातले कुठले टेबल नळीच्या आत डोकावते, हे जत्रा भरवणाऱ्या समितीने एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल अशी. सुट्या पाळण्याचे बरेचसे जोड बोल्टऐवजी पिनांवर असतात, कारण त्या झटपट निघतात. प्रत्येक पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला छोटी क्लिप असते. उभारणीच्या घाईत ती राहिली किंवा तिच्या जागी तार, खिळा असे काही अडकवले, तर पिन थरथरत थरथरत बाहेर येऊ शकते.

एवढे करूनही अपघात होतोच. मग पुढे काय होते? जमलेल्या गर्दीबद्दल मानसशास्त्रात एक जुना, प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून बोलते केले. मध्येच एकाला झटका आल्याचे ऐकू येई. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटत असलेल्यांपैकी ८५ टक्के मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असा समज असलेल्यांपैकी ३१ टक्केच उठले. ‘कुणीतरी करेलच’ ही भावना इतकी जड असते. लोक संवेदनाशून्य झाल्याच्या तक्रारीला तेव्हापासून या प्रयोगाचा आधार मिळत आला आहे.

पण अलीकडचे संशोधन थोडे वेगळे सांगते. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासले गेले. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एका बघ्याने तरी मध्ये पडून काही केले होते आणि माणसे जास्त असतील तिथे कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे नाही. दुसऱ्या खोलीतून कानावर आलेल्या आवाजाचा अर्थ लागत नाही, तेव्हा माणूस इतरांकडे बघत थांबतो. संकट डोळ्यांसमोर असले की कोणीतरी हलतो, आणि पहिला हलला की बाकीच्यांचे पाय सुटतात. ट्रॅव्हर्स सिटीत तेच दिसले.

म्हणजे प्रश्न माणुसकीचा कमी आणि नेमके काय करायचे याचा जास्त आहे. पाळणा डुलताना दिसला, तर सगळ्यात उपयोगी धाव चालकाच्या खोक्याकडे. जत्रेच्या कर्ण्यांत त्याला ओरडणे ऐकू जात नाही. डोक्यावर हात ओलांडून थांबण्याची खूण करावी. दुसऱ्याने पडण्याच्या टप्प्यातली गर्दी, विशेषतः चित्रण करणारी, मागे हटवावी. पाळणा थांबून माणसे वर अडकली असतील, तर सांगाड्यावर चढू नये. वरच्यांना आसनाचा दांडा न काढता बसून राहायला सांगावे आणि अग्निशमन दलाची वाट बघावी. सांगाड्याला हात लावलेला माणूस झिणझिण्यांनी ओरडला किंवा चिकटून राहिला, तर त्याला न शिवता आधी जनरेटर बंद करावा.

उंचावरून आसनासकट आदळण्याचा प्रकार वेगळा. पंजाबमधील मोहालीच्या दसरा मैदानावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उंच मनोऱ्यावर वर-खाली होणारा पाळणा सुमारे पन्नास फुटांवरून थेट खाली आला. माणसे आसनांतून उडाली, अनेक जण जखमी झाले. जीव कुणाचा गेला नाही. बसलेल्या अवस्थेत असा दणका बसला की भार सरळ कण्यातून जातो. पाठीचा भाग जिथे कमरेला मिळतो, तिथले मणके त्याने चेपले जाऊ शकतात. वरून जखम दिसत नाही, माणूस शुद्धीवर बोलत असतो, आणि इथेच आपली सवय घात करते. चौघे जण हातपाय धरून त्याला उचलतात, बसवतात, पाणी पाजतात, मिळेल त्या रिक्षात दुमडून घालतात. मोडलेला मणका अशा ओढाताणीत सरकला, तर मज्जारज्जू दुखावून पाय कायमचे जाऊ शकतात. आग किंवा वरून काही कोसळण्याची भीती नसेल, तर त्याला आहे तिथेच ठेवावे. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे आणि ‘हलू नका, मान वळवू नका’ असे सांगत राहावे. पाणी नको, पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. हाकेला ओ नाही आणि श्वासही नीट नाही, असे असेल तर मात्र मणक्याची चिंता मागे ठेवावी लागते. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देणे लगेच सुरू करावे.

मोकळे केस फिरत्या दांड्यात गुंडाळले जाण्याचे अपघात लहान पाळण्यांवरही होतात. तिथे मोटर बंद करून केस सरळ कापावेत. यंत्र उलटे फिरवायला जाऊ नये. टाळूची त्वचा सुटून आलीच, तर डोक्यावर दाब देऊन रक्त थांबवावे. सुटलेली त्वचा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट त्वचेला लागू देऊ नये. काही तासांत सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचले, तर ती पुन्हा जोडता येऊ शकते.

गर्दीला उद्देशून ‘अहो, कुणीतरी फोन करा’ म्हटले की फोन होत नाही. बोट दाखवून सांगावे, ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा; ताई, तुम्ही फाटकाशी थांबून रुग्णवाहिका आत आणा.’

पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याची भीती अनेकांना मागे खेचते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४ अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते, नाव सांगण्याची सक्तीही करत नाही. पण ते आहे वाहनाच्या अपघातापुरते. जत्रेतल्या पाळण्याखाली कुणाचे डोके धरून बसलेल्या माणसाला, कुणाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला फौजदारी कायदा जी सर्वसाधारण सूट देतो, तिच्यावरच भिस्त ठेवावी लागते. पाळण्यांना नियम लावण्याची चर्चा निघेल, तेव्हा कलमाच्या या अपुऱ्या कक्षेचाही विचार व्हायला हवा.

तोवर जत्रा समितीच्या हातात काही अगदी साध्या गोष्टी आहेत. रोज पहिली फेरी रिकामी, मग वाळूची पोती ठेवून, माणसे त्यानंतर. चालकाचा थांबवण्याचा खटका कुठे आहे, हे शेजारच्या दोन दुकानदारांनाही दाखवून ठेवलेले. आणि पाळण्यापासून रस्त्यापर्यंत रुग्णवाहिका जाईल एवढी मोकळी वाट, जिच्यात रात्री आठनंतरही भेळेची गाडी लागणार नाही.