सूप म्हणजे सोप्पं काम नव्हे!

तुमच्या घरी सूप आहे? किचनमध्ये नसेल तर माळ्यावर बघा. गावाकडच्या घरी तर भिंतीला टांगलेलं सापडेलच. सापडलं की हातात घ्या आणि उलटसुलट करून नीट बघा. ना खिळा, ना गोंद. मागची बाजू खोलगट, दोन्ही कडा पुढे उतरत आलेल्या, तोंड मोकळं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात बुरडकाम करणाऱ्या घरांतल्या मुली हे सूप आईच्या, आजीच्या शेजारी बसून शिकत आल्या. सिलॅबस नाही, नोट्स नाहीत, परीक्षा मात्र रोज.

आधी बांबूच ओळखावा लागतो. आपल्याकडच्या जंगलात मानवेल आणि कटांग असे दोन बांबू जास्त दिसतात. मानवेल भरीव, कटांग काटेरी आणि पोकळ. बांबू एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. कोवळा घेतला तर सूप वाळल्यावर आकसतं, फार जून घेतला तर पट्टी वाकायच्या आधी तुटते. पावसाळ्यात तोडायचा नाही, हिवाळ्यात तोडायचा, हाही घरातलाच नियम. बांबूत साखर आणि स्टार्च जास्त असेल तर भुंगा लवकर लागतो, हे आपण आता पुस्तकात वाचतो. आजीने बांबूचं पीठ गळताना पाहिलेलं असतं, तेवढं तिला पुरतं.

मग येतात कामट्या. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या. हिरव्या सालीकडची पट्टी चिवट, ती काठाला आणि ताण येईल तिथे. आतली मऊ, ती विणीत. जाडी मोजायला पट्टी-टेप काही नसतं, बोटाला कळतं. लांबी वितीत मोजतात. आता गंमत बघा, विती प्रत्येकीची वेगळी! म्हणून आईचं सूप आणि लेकीचं सूप शेजारी ठेवलं तर मापात थोडा फरक पडतो. बहुतेक घरांत बांबू आणायचं, तोडायचं काम पुरुषांकडे आणि विणकाम बायांकडे. घरकाम उरकून, चुलीजवळ, अंगणात, लेकरू मांडीवर घेऊन हे काम चालतं, त्यामुळे त्याला ‘काम’ म्हणायचं सगळेच विसरतात.

ही झाली विणणारी. सूप वापरणारीचं ज्ञान आणखी वेगळं. आपला जिल्हा धानाचा. आता राइस मिल गल्लोगल्ली आहेत, तरी घरचा तांदूळ सुपातून गेल्याशिवाय कित्येक घरांत डब्यात जात नाही. इंग्रजीत यासाठी एक शब्द पुरतो. आपल्याकडे किमान तीन: पाखडणं, घोळणं, आसडणं. पाखडताना धान्य वर उडवायचं, हलका कोंडा पुढच्या मोकळ्या तोंडातून बाहेर जातो आणि जड दाणा मागच्या खोलगट भागात परत येतो. घोळताना सूप गोल फिरवायचं, खडे वेगळे होतात. आसडताना छोटे झटके द्यायचे, अख्खा दाणा आणि कणी वेगळी. हे फिजिक्स आहे बरं का! आणि वाऱ्याकडे पाठ करायची की तोंड, हे माय न सांगता मनगटाने शिकवते. नवं सूप शेणाने सारवून फटी बुजवायची पद्धतही अशीच हातोहात आली.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण ज्या मावशी हे विणतात, त्यांना आपल्या मुलीने हे करावं असं वाटतं का? बऱ्याच जणींना नाही वाटत, आणि मला ते चूक वाटत नाही. बोटं कापतात, पाठ धरते, बाजारात प्लास्टिकचं सूप स्वस्त मिळतं. शिवाय हे काम जातीला चिकटवलेलं आहे. मुलगी शिकून नर्स झाली तर ‘परंपरा बुडाली’ म्हणून हळहळायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

प्रश्न कच्च्या मालाचाही आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. 2011 मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याचा हक्क हातात मिळाला, तेव्हा ती देशभर बातमी झाली. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला. नोंदणी असलेल्या बुरड कामगारांना वन विभाग सवलतीत बांबूही देतो. कागद आहेत. पण डेपोच्या रांगेत बहुतेकदा घरातला पुरुष उभा असतो, आणि विणणारीचं नाव कुठल्या कार्डावर आहे, हे विचारायला हवं.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तिथे जाल, रील काढाल, काढाच. पण मॉलमध्ये बिल न बघता पैसे देणारे आपण तिथे वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो, ते बंद करा. सूप घेताना उजेडासमोर धरा, वीण घट्ट असेल तर उजेड बारीक टिपक्यांनीच येतो. काठ दाबून बघा. आणि खाली बसून विचारा, “मावशी, तुम्हाला कोणी शिकवलं?” आधी त्या हसतील. मग सांगायला लागल्या की घाई करू नका, मोबाइल खिशात ठेवा.