बाटलीत कोंडलेला वायू

सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे उसळतात, हे तुम्ही पाहिले असेलच. तेथे पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू यंत्राने दाबून भरलेला असतो. फ्रान्समधील शँपेन प्रांतात द्राक्षांपासून जे फसफसणारे मद्य करतात, त्यात मात्र हा वायू बाटलीतच जन्म घेतो! तो निर्माण करतात यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव. यीस्ट साखर खाते व तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हेच किण्वन.

थंडीत किण्वन मंदावते. पूर्वी लोकांना वाटे, ते संपले. मग मद्य बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसवीत. वसंतात ऊब मिळाली की यीस्ट पुन्हा कामाला लागे, वायूचा दाब वाढे आणि बाटल्या फटाफट फुटत! काचा उडून इजा होऊ नये म्हणून तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे चढवीत.

यातून वाट काढली झाँ-बाप्तिस्त फ्रान्स्वा या औषधविक्रेत्याने. मद्यातील साखर मोजून वायूचा अंदाज आधीच कसा बांधावा, हे त्याने १८३६ मध्ये दाखवून दिले. आज हिशेब सोपा आहे. दर लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखरेतून एका वातावरणाइतका दाब निर्माण होतो. म्हणून २४ ग्रॅम साखर घालतात. दाब होतो सुमारे ६ वातावरणे, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून अधिक! त्यासाठी बाटलीही जाड काचेची लागते.

आता सांगा पाहू, इडलीचे पीठ आंबवताना आई भांडे काठोकाठ का भरत नाही?