काचेवरचा मराठवाडा

१८९९-१९०० च्या दुष्काळात निजाम सरकारने औरंगाबाद जिल्ह्यात दुष्काळी कामे काढली, गरीबखाने चालवले आणि ते सगळे कॅमेऱ्यात टिपून घेतले. काम मिळाले सिकंदराबादच्या राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओला. एरवी या स्टुडिओचे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, जहागीरदार आणि छावणीतले साहेबलोक. इथे भिंगासमोर आली ती बरगड्या मोजता याव्यात अशी माणसे. संकटात सरकारने काय काय केले, याचा तो सचित्र अहवाल होता. त्याचा एक संच व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्याकडे पोचला आणि त्यांच्या इतर आल्बमांबरोबर आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

जुन्या छायाचित्रांच्या बाजारात दीनदयाळ हे खणखणीत नाणे. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण, मग इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी. १८७४ च्या सुमारास हाती कॅमेरा आला. सर हेन्री डेली, सर लेपेल ग्रिफिन अशा अधिकाऱ्यांनी पाठबळ दिले, आणि नोकरी सोडून हा माणूस पूर्णवेळ छायाचित्रकार झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले, ‘राजा’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ निघाला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले, पण काचेच्या निगेटिव्ह कुटुंबाने जपल्या. त्यांतल्या २,८०० हून अधिक प्लेटा आता दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०१३ मध्ये टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले.

म्हणजे लंडन, दिल्ली, टोरांटो. नांदेड-लातूरचा माणूस आपल्या मुलखाचे जुने फोटो शोधू लागला, तर त्याला या शहरांची दारे ठोठावावी लागतात. हे दुःख म्हणून उगाळण्यात फारसा अर्थ नाही. ही चित्रे टिकली ती बाहेर गेली म्हणूनच, असेही म्हणता येते. खरा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्याची जुनी छायाचित्रे संग्रहांत आहेत, लिलावांत फिरतात, पण मराठवाड्याच्या नावावर ती कुठेच जमा नाहीत.

पहिली अडचण भूगोलाची. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी लातूर-औसा उस्मानाबादमध्ये, आणि त्याहीआधी तो जिल्हा नळदुर्ग नावाने ओळखला जाई. उदगीर बिदर जिल्ह्यात. नांदेडचे इंग्रजी कागदोपत्री रूप ‘नांदेर’. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात या भागातल्या लेण्यांची पाहणी केली; १८७८ मध्ये लंडनला छापलेल्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकात ‘बिदर आणि औरंगाबाद जिल्हे’ आहेत. औशाजवळची खरोसा लेणी त्यात आहेत, पण ‘करुसा’ नावाने. अलीकडे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. सूचिकाराने जुनेच नाव ठेवले असेल, तर आजच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. लिलावगृहांच्या सूचीत तर बहुतेक वेळा ‘हैदराबाद, दख्खन’ एवढ्यावर भागवलेले असते. जो संग्राहक नांदेर, नळदुर्ग, करुसा ही रूपे पाठ करून बसेल, त्याला स्वस्तात चांगला माल मिळण्याची शक्यता आहे.

वेरूळ-अजिंठ्याचे तसे नाही. ही नावे जगभर चालतात. मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेले बहुतेक कॅनव्हास जळून गेले. वाचली ती गिलची छायाचित्रे. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याची ७४ छायाचित्रे १८६४ मध्येच पुस्तकरूपाने निघाली होती, आणि त्या काळी छपाईत फोटो उतरवायची सोय नसल्याने प्रत्येक प्रतीत खरे प्रिंट डकवलेले होते. मूळ चित्र एकच असते, ते जळले की संपले. फोटोच्या प्रती चार ठिकाणी पांगतात आणि कुठेतरी एखादी उरते.

पण प्रती निघतात, तर मग फोटोला किंमत कशाची? लिलावाच्या बाजाराने याचे उत्तर बरेच उशिरा तयार केले. लंडनला सोदबीज या लिलावगृहाच्या बेल्ग्राव्हिया शाखेत छायाचित्रांचे नियमित लिलाव सुरू झाले १९७१ च्या डिसेंबरात. तोवर जुने आल्बम रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खात असत. बाजाराने पहिला भेद केला तो काळाचा. निगेटिव्ह घेतल्यावर थोड्याच काळात, छायाचित्रकाराच्या हाताखाली निघालेला प्रिंट तो ‘व्हिंटेज’. त्याच निगेटिव्हवरून पन्नास वर्षांनी काढलेला प्रिंट दिसायला अधिक तजेलदार असला, तरी भाव कमी. हयात छायाचित्रकारांनी मग आपणहून प्रतींवर मर्यादा घातली: पाच, सात, दहा, प्रत्येकीवर सही आणि क्रमांक. टंचाई नसेल तर ती निर्माण करायची, हा व्यापाराचा जुनाच नियम. २०११ मध्ये आंद्रेआस गुर्स्कीचे ऱ्हाईन नदीचे रंगीत छायाचित्र ४३ लाख डॉलरला गेले; २०२२ च्या मे महिन्यात मॅन रेच्या १९२४ च्या एका छायाचित्राने न्यूयॉर्कमध्ये १ कोटी २४ लाख डॉलरचा आकडा गाठला. दीनदयाळांचा बाजार या आकड्यांच्या आसपासही नाही.

एकोणिसाव्या शतकातला माल ओळखण्याचे काम बारीक नजरेचे. त्या काळचे बहुतांश प्रिंट अल्ब्युमेन कागदावरचे: अंड्याच्या पांढऱ्याचा थर, त्यावर चांदीचा क्षार. कागद पातळ, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. रंग तपकिरी ते जांभळट, कडेने पिवळा पडत गेलेला. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर समजावे, हे पुस्तकातून कापलेले छापील चित्र आहे. दमट जागेतल्या प्रिंटवर तपकिरी डाग येतात, पुढच्या काळातल्या जिलेटिन प्रिंटच्या काळ्या भागावर आरशासारखी चांदी वर येते. मग पाहायची मागची बाजू. दुकानाचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले गाव, आधीच्या मालकाचे नाव. अनोळखी पगडीवाल्याच्या चित्राला शोभेची किंमत येते. पगडीखालचा माणूस कोण आणि फोटो कोणत्या साली कुणी काढला, हे कळले की तोच कागद दस्तऐवज होतो.

भारतीय छायाचित्रांचा बाजार ज्यांनी सर्वांत आधी गंभीरपणे घेतला, त्यांत अग्रणी नाव इब्राहिम अल्काझी यांचे. जन्म पुण्याचा, १९२५ चा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून सगळे त्यांना ओळखतात. त्यांनी परदेशातल्या बाजारातून भारताची जुनी छायाचित्रे वेचून सुमारे एक लाख प्रतिमांचा संग्रह उभा केला, हे छायाचित्रांच्या वर्तुळाबाहेर फारसे बोलले जात नाही. दीनदयाळांवरचा दीपाली देवान आणि डेबोरा हटन यांचा महत्त्वाचा ग्रंथ अल्काझी संग्रहाच्याच प्रकाशनातून आला. साहेबांनी मायदेशी नेलेले आल्बम त्यांच्या नातवंडांनी विकायला काढले, तेव्हा समोर बोली लावायला भारतातर्फे कोणी होते, ही साधी गोष्ट नव्हे.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मुदत ७५ वर्षांची. त्यामुळे बाजार दोन झाले. बाहेर गेलेला माल बाहेर मोकळेपणी फिरतो, इथला माल इथल्याच खिशांच्या ऐपतीवर चालतो.

आणि गिऱ्हाईक कुठे असेल, याचा नेम नसतो. फेलिचे बिआटोने १८५७ च्या उठावानंतर काढलेल्या अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या छायाचित्रांमागे आज इंग्लंड-कॅनडातले शीख संग्राहक असतात. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा तेवढा जुना, तारखेचा पुरावा असलेला प्रिंट उद्या कुठे निघाला, तर बोली नांदेडहून येण्याआधी लंडनच्या साउथहॉलहून येईल, असे मानायला हरकत नाही. लातूरचे गिऱ्हाईक त्याहून अनपेक्षित. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. अरुंद रुळांच्या गाड्यांचे वेड असलेल्या इंग्रजांमध्ये या मार्गाला मोठा मान आहे. लातूरकरांनी ज्या गाडीला कंटाळून शिव्या घातल्या, तिचे फोटो तिकडे जिवापाड जपले जातात.

दुष्काळाच्या चित्रांपाशी मात्र हा खेळ अवघड होतो. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी हूपरने उपाशी माणसांचे गट बसवून फोटो काढले, त्यावर त्याच काळात टीका झाली होती. औरंगाबादच्या गरीबखान्यातली चित्रे त्याच जातीची आहेत. ती ग्रंथालयात असणे ठीक. दिवाणखान्यात चौकटीत लावायला कुणी बोली लावत असेल तर घशाखाली उतरत नाही. संग्राहक म्हणतील, विकत घेतले नाही तर ते नष्ट होईल. त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि तरी ते पुरेसे वाटत नाही.

जिल्ह्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ तर या बाजाराच्या नकाशावरच नाहीत. जुन्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन ती काच दुसऱ्या कामाला वापरण्याचा प्रकार इंग्लंड-अमेरिकेतही झाला आहे. फिल्ममधली चांदी काढणारे भंगारवाले सगळीकडे असतात. त्यातून डिजिटल आले आणि डार्करूमची जागा झेरॉक्स मशीनने घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादेत सुमारे आठ हजार माणसे गेली. तो काळ रंगीत रोलचा होता. रंगीत निगेटिव्ह कृष्णधवलपेक्षा लवकर विटते, म्हणजे दीनदयाळांची १९०० सालची काच अजून धडधाकट असताना १९९३ चे रोल आधी जातील.

किल्लारीच्या या फोटोंवर हक्क कुणाचा, याचे उत्तर कायद्यात आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा; वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्याचा, वृत्तपत्रीय वापरापुरता, मालकाचा; स्वतःहून काढलेल्याचा छायाचित्रकाराचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे टिकतो. किल्लारीत तेव्हा रोल भरून गेलेल्या छायाचित्रकारांचे हक्क त्यामुळे या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुरतील. निगेटिव्ह कोणाच्या कपाटात आहेत, याची यादी करायचे काम अजून हातात घेता येण्यासारखे आहे, कारण ते फोटो काढणारे काही जण अजून लातूर-नांदेडातच असण्याची शक्यता आहे.