तो सल्ला कोणत्या गाडीचा?

‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाक. पेट्रोल वाचतं, इंजिनालाही आराम मिळतो.’ मोटारसायकल हातात आली की हे कुणीतरी सांगतंच, बहुधा काका नाहीतर मामा. सांगणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. पण ज्या गाडीवर तो मिळाला, तशी गाडी आता शोरूममध्ये मिळत नाही.

राजदूत, जुनी येझदी, जुनी चेतक ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांना वंगण मिळायचं ते पेट्रोलमधूनच. पंपावर पेट्रोलसोबत ऑइल मोजून घातलं जायचं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली, तर चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं. आत मात्र पेट्रोल जेमतेम जातं आणि त्याबरोबरचं ऑइलही. पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि चिकटतो. धावत्या गाडीचं मागचं चाक अशा वेळी जागीच अडकू शकतं. त्यामुळे क्लच दाबून किंवा मधूनमधून रेस देत उतरण्याचा सल्ला त्या इंजिनासाठी शहाणपणाचाच होता.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळं असतं आणि पंप ते सतत वर पोचवतो. ॲक्सिलरेटर सोडला म्हणून वंगण थांबत नाही. शिवाय 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की बहुतेक गाड्या पेट्रोलचा फवाराच बंद करतात. इंजिन चाकाच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी हा खटाटोप, ती होतच नाही. आणि इंजिनाची पकड सुटल्यामुळे ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, आणि तापलेला ब्रेक, विशेषतः ड्रम, कमी लागतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा, हा सल्ला आजच्या गाडीचा आहे.

मोटारसायकलवाले एकमेकांना मनापासून सांगतात. रविवारी सकाळी घाटातल्या चहाच्या टपरीवर अनोळखी माणूसही तुमच्या चेनकडे बघून दोन शब्द बोलून जातो. ही देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते. फक्त ऐकताना एक विचारावं: हे तुम्ही कोणत्या गाडीवर शिकलात?

रिझर्व्हचंच घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं आणि गाडी अडखळली की कॉक फिरवायचा, यात काही बिघडत नसे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि भोवतीच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवली तर तो तापतो आणि लवकर जातो. बॅटरीचंही तसंच. जुनी गाडी ढकलून हमखास सुरू व्हायची. आता पंपाला आणि कॉम्प्युटरला थोडी तरी वीज लागतेच. बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही धक्का मारा, बहुतेक गाड्या सुरू होत नाहीत. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी बॅटरी तपासणं म्हणूनच पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालं आहे.

‘कारचं महागडं ऑइल घाल, इंजिन लोण्यासारखं चालतं,’ हा सल्ला तर दुसऱ्याच वाहनाचा. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लच प्लेट तर घर्षणावरच काम करतात. त्या घसरू लागतात. रेस वाढते, वेग वाढत नाही. म्हणून ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ हा अशा क्लचसाठीचा दर्जा लिहिलेला असावा.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला मात्र पुढच्या ब्रेकचा. ‘तो दाबू नकोस, उलटशील.’ खडीवर किंवा चिखलात, वळणात, घाबरून एकदम दाबला तर पुढचं चाक अडकून गाडी खरंच पडते. भीती तिथून आली. पण ब्रेक लागताच बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. पुढच्या टायरला मग जास्त पकड मिळते. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी कितीतरी लांब जाऊन थांबते, किंवा मागचं चाक घसरत आडवं होतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. एबीएस चाक अडकू देत नाही, मात्र ओल्या रस्त्यावर नसलेली पकड तो निर्माण करू शकत नाही. म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक, आणि पुढचा हळूहळू वाढवत. रिकाम्या मैदानात याची सवय करून घ्या, मुलांनाही करून द्या.

चेन किती सैल असावी, यावर टपरीवर वाद घालण्याचं कारण नाही. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत, अनेकदा मागच्या पट्टीवरच्या स्टिकरवरही असतो. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना तो 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास येतो. दोघं बसले आणि सामान लादलं की मागचं चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. प्रवासाला निघताना ‘टाइट करून घेतली’ म्हणणाऱ्यांचे स्प्रॉकेट त्यामुळेच लवकर झिजतात.

रस्त्याची माहिती मात्र पुस्तिकेत कधीच मिळणार नाही. जुलै 2021 च्या पावसात आंबेनळी घाटातला रस्ता खचला आणि बरेच दिवस बंद राहिला. वरंध घाट तर पावसाळ्यात वारंवार बंद होतो. कोणत्या वळणावर आज दगड आलेत, कुठे लाल माती वाहून आली आहे, हे समोरून येणाऱ्यालाच ठाऊक असतं. पावसाळ्यात घाटाच्या तोंडाशी थांबून वरून उतरलेल्या माणसाला विचारा, आणि त्याने हे आज पाहिलं की काल, तेही विचारा.