गाऱ्हाणं आणि शपथपत्र

शेजारच्या काकांनी प्लास्टिकची पिशवी आमच्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. रबरबँड लावलेले कागद, घड्या इतक्या जुन्या की उघडताना फाटतील अशी भीती. प्रत्येक अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का. काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले, थकबाकी अडली आणि त्यानंतर तीन वर्षं ते हेलपाटे घालत होते.

“आता लोकपालाला लिहायचं,” ते म्हणाले. “अण्णा त्याच्यासाठीच उपाशी बसले होते ना? तू लिही, मी सही करतो.”

मी तक्रारीचा नमुना उघडला. तक्रारदाराचं नाव, पत्ता, ओळखपत्र. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचं नाव आणि हुद्दा. मग प्रश्न आला, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ याखालचा नेमका कोणता गुन्हा घडला? सोबत शपथपत्र हवं. शिवाय खोटी किंवा खोडसाळ तक्रार केली तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद कायद्यातच आहे. काका त्या गुन्ह्याच्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“पण माझ्याकडे कुणी पैसे मागितले नाहीत रे. नुसतं ‘बघतो’ म्हणतात.”

त्या रकान्यापाशी आम्ही दोघंही अडलो. लोकपालाकडे भ्रष्टाचाराची तक्रार करता येते, अडवणुकीचं गाऱ्हाणं घालता येत नाही. ही संस्था कल्पनेत आली तेव्हा मात्र दोन्ही एकाच दारातून आत यावीत असा विचार होता.

कल्पना मुळात स्वीडनची. तिथल्या संसदेने १८०९ साली सरकारी कारभारावर नजर ठेवणारा ‘ओम्बुड्समन’ निर्माण केला. आपल्याकडे १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्याला ‘लोकपाल’ हे नाव दिलं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. त्यात पकडणं, शिक्षा करणं नाही, पाळणं आहे, सांभाळणं आहे. १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल आणि लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली, ती ज्या अंतरिम अहवालात, त्याचा विषयच नागरिकांच्या गाऱ्हाण्यांचं निवारण हा होता. लाच घेणारा मंत्री त्यात होता, तसा खेटे घालून थकलेला नागरिकही होता.

पहिलं विधेयक १९६८ मध्ये आलं. लोकसभेने ते १९६९ मध्ये मंजूर केलं आणि पुढे सभागृहच विसर्जित झाल्याने ते बारगळलं. २००१ पर्यंत ते आठ वेळा मांडलं गेलं, एकदाही कायदा झाला नाही.

दिल्ली अडली, पण महाराष्ट्र थांबला नाही, हे अभिमानाने सांगायला हवं. लोकायुक्त आणि उपलोकायुक्तांचा कायदा इथे १९७१ मध्ये झाला आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये कार्यालय सुरूही झालं. ओडिशाचा कायदा एक वर्ष आधीचा, पण लोकायुक्त प्रत्यक्ष कामाला लागला तो आधी आपल्याकडे. मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात हे कार्यालय आहे. या कायद्यात गाऱ्हाणं आणि अभिकथन असे दोन सरळ भाग आहेत. कारभारातल्या दिरंगाईने किंवा चुकीच्या निर्णयाने अन्याय झाला तर ते गाऱ्हाणं, बारा महिन्यांच्या आत मांडायचं. पदाचा गैरवापर, भ्रष्टाचार असेल तर ते अभिकथन, त्याला तीन वर्षांची मुदत. सातबारावरचा फेरफार रखडला, निवृत्तिवेतन अडलं, तरी या दारात उभं राहता येतं. पण हे दार राज्याच्या कारभारापुरतं, आणि काका केंद्राचे. उणीवही मोठी होती. मुख्यमंत्री कक्षेबाहेर, आणि लोकायुक्तांनी फक्त शिफारस करायची. नव्या कायद्याचं विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आले, पण त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागेल अशी अट घातली. ही अट मला पटत नाही. ज्याच्या पाठीशी बहुमत आहे त्याच्याच चौकशीला त्याहून मोठं बहुमत कुठून आणायचं?

देशाच्या लोकपालाला रेटा मिळाला तो पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरला उपोषणाला बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली पोरंही डोक्यावर टोपी घालून फिरत होती. २७ ऑगस्टला संसदेने तीन गोष्टींना तत्त्वतः मान्यता दिली. खालच्या पातळीवरचे कर्मचारी लोकपालाच्या कक्षेत, राज्यांत लोकायुक्त, आणि नागरिकांची सनद. सनद म्हणजे कोणतं काम किती दिवसांत होईल याची लेखी हमी. काकांच्या पिशवीतल्या कागदांचं उत्तर या तिसऱ्या गोष्टीत होतं. त्यासाठी वेगळं विधेयक २०११ मध्येच मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. लोकपालाचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला, १६ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. गाऱ्हाणं बाहेरच राहिलं.

कायद्यात जे आलं ते मात्र किरकोळ नाही. एक अध्यक्ष, जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यातले निम्मे न्यायिक. पंतप्रधानांपासून गट ‘ड’ च्या कर्मचाऱ्यापर्यंत केंद्राचे सगळे लोकसेवक कक्षेत. पंतप्रधानांच्या बाबतीत परराष्ट्र संबंध, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय वगळले आहेत, आणि चौकशीला पूर्ण पीठातल्या दोन-तृतीयांश सदस्यांचा होकार लागतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम २३ वं. अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर एरवी सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि तिथेच फायली वर्षानुवर्षं पडून राहतात. लोकपालाच्या प्रकरणात ती मंजुरी देण्याचा अधिकार लोकपालालाच आहे. त्याने सीबीआयकडे सोपवलेल्या प्रकरणावर देखरेख त्याची, आणि तपास अधिकाऱ्याची बदली त्याच्या संमतीशिवाय होत नाही. तपास रंगात आला की अधिकारी बदलायचा, हा आपल्याकडचा जुना खेळ या एका ओळीने थांबू शकतो.

कायदा झाला, पण खुर्चीवर माणूस यायला पाच वर्षं लागली. निवड समितीत लोकसभेतला विरोधी पक्षनेता हवा आणि २०१४ नंतर तसा मान्यताप्राप्त नेताच नव्हता, हे कारण पुढे करण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं की कायदा आहे तसा राबवता येतो. तरी दोन वर्षं गेली. जानेवारी २०१९ मध्ये अण्णा राळेगणला पुन्हा उपोषणाला बसले, आणि मार्चमध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष पहिले लोकपाल झाले. एवढा उशीर माझ्या मते अक्षम्य होता.

२०१९-२० या पहिल्या वर्षात १,४२७ तक्रारी आल्या. त्यातल्या ६१३ राज्यांच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध होत्या, म्हणजे लोकपालाचा त्यांच्याशी संबंधच नव्हता. एकूण १,२१७ तक्रारी कक्षेबाहेरच्या ठरल्या. मार्च २०२० मध्ये ठरावीक नमुना आला आणि पुढच्या वर्षी तक्रारींची संख्या ११० वर आली. त्याच वर्षी कोरोनाची टाळेबंदी होती हे खरं. पण नमुन्यात बसत नाहीत म्हणून तक्रारी निकाली निघतात, तसं करून खऱ्या तक्रारी नाकारू नयेत, हे पुढे संसदीय समितीलाही सांगावं लागलं. २०२३ मध्ये त्याच समितीने नोंदवलं की तोवर लोकपालाने एकाही आरोपीवर खटला भरलेला नव्हता. चौकशी शाखा उभारण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. हात-पाय न देता माणसाला आखाड्यात उतरवलं, तर कुस्ती कशी व्हायची?

मार्च २०२४ पासून अध्यक्षपदी न्यायमूर्ती अजय खानविलकर आहेत, पुण्यात जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयात घडलेले. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही आपल्या कक्षेत येतात, असा आदेश त्यांच्या पीठाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्वतःहून दखल घेऊन त्याला स्थगिती दिली.

दिल्लीच्या वसंतकुंजमधल्या या कार्यालयाने ब्रीदवाक्य घेतलंय ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या श्लोकातून. दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको, असा त्याचा आशय. मी तो काकांना सांगितला.

“माझं धन तर मलाच मिळेना,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त थकवा होता.

तक्रार मराठीत करता येते, आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते, हे वाचून ते क्षणभर खूश झाले होते. पण गुन्ह्याचा तो रकाना कोणत्याच भाषेत भरता येईना. नाही ती लाच कागदावर लिहून त्याखाली शपथेवर सही करायला काका तयार नव्हते, आणि मीही आग्रह केला नाही. नमुना बाजूला ठेवला. साध्या कागदावर खात्याच्या वरिष्ठांच्या नावे अर्ज लिहिला, आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक तारखांसह एकाखाली एक मांडले. काकांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि तीन प्रती काढायला सांगितल्या. एक खात्याला, एक पोचेसाठी, आणि एक पिशवीत.