ढकलणारं इंजिन मागे असतं

कसाऱ्याला मेल थांबली की नवखा प्रवासी खिडकीतून डोकावतो. स्टेशन लहान, उतरणारं फारसं कुणी नाही, मग गाडी थांबली कशाला? शेजारचा नाशिककर पेपरातून मान वर न करता सांगतो, "बँकर लावतायत." थोड्या वेळात मागून एक हलका धक्का बसतो. गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं जोडली गेलेली असतात. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार, आणि अशी ती सगळी वरात थळ घाट चढून इगतपुरीला येणार.

हा लोहमार्ग १८६५ सालचा. साधारण १५ किलोमीटरमध्ये गाडी ३०० मीटर वर चढते. सर्वांत कठीण ठिकाणी चढ सदतिसाला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी जाणाऱ्या माणसाला असा चढ किरकोळ वाटेल. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, आणि मागे शेकडो टनांचे डबे, अशा गाडीला तो डोंगर आहे. बँकर मागे लावण्याचं आणखी एक कारण मला फार आवडतं. चढावर मध्येच डब्यांची जोडणी तुटली तर मागचे डबे कसाऱ्याकडे घरंगळू नयेत म्हणूनही ती इंजिनं पाठीशी उभी असतात. बँकर ढकलतो, तसाच तो धरूनही ठेवतो.

आता एक गंमत पाहा. मराठीत आपण वजन 'उतरवतो'. शब्द असा की जणू उतारच आहे, पाय सैल सोडले की झालं. शरीराला विचाराल तर ते सांगेल, हा चढ आहे आणि तुम्ही थांबलात की मी तुम्हाला मागे नेणार. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजून दाखवलं. ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, वजनं चांगली घटली. वर्षभरानंतर त्यांचं रक्त पुन्हा तपासलं, तर भूक लावणारं घ्रेलिन तेव्हाही चढलेलं होतं आणि 'पुरे' असं सांगणारं लेप्टिन घसरलेलं होतं. वर्ष उलटलं तरी शरीर हरवलेली चरबी शोधत होतं! एकट्या निश्चयाचं इंजिन इथे धापा टाकतं, त्यात नवल नाही. त्याला आळस म्हणणाऱ्यांनी हा घाट पाहिलेला नसतो.

मग मागे कोण लावायचं? या प्रश्नाचं एक उत्तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका गृहिणीला १९६१ मध्ये अपघातानेच सापडलं. जीन नायडेच तिचं नाव, वजन सत्त्याण्णव किलोच्या आसपास. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा-दवाखान्यात जाऊन आली होती. आहाराचा कागद हातात होता, काय खायचं नि काय नाही ते तिला पाठ होतं. आणि तरीही न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत तिने बिस्किटं लपवलेली असायची. दवाखान्यात हे सांगायची तिला लाज वाटायची. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर ते कबूल करून टाकलं. मैत्रिणी हसल्या नाहीत, त्यांनी आपापल्या लपवाछपव्या सांगितल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा जमल्या, मग आणखी बायका आल्या. वर्षभरात जीनचं वजन ६४ किलोवर आलं आणि १९६३ मध्ये त्या बैठकांतून 'वेट वॉचर्स' नावाची कंपनी उभी राहिली. पुढचा धंद्याचा इतिहास मोठा आहे, मला त्यात रस नाही. मला रस आहे त्या टोपलीत. माहिती तिच्याकडे आधीपासून होती, आहाराचा कागदही तोच राहिला. बदललं एवढंच, की बिस्किटांचं गुपित सात जणींचं झालं.

हा निव्वळ एका बाईचा किस्सा नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १६६ लोकांवर प्रयोग केला. काही एकटे आले, काही मित्रमैत्रिणींसह. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांबरोबर आलेल्यांना एकमेकांना साथ कशी द्यायची हेही शिकवलं होतं, त्यांच्यात हा आकडा ९५. खरा फरक नंतर दिसला. कमावलेली घट दहाव्या महिन्यापर्यंत पूर्ण टिकवणारे एकट्यांमध्ये २४ टक्के, सोबतीने आलेल्यांमध्ये ६६! चढताना सोबत कामी आलीच, पण डबे घरंगळायची वेळ आली तेव्हा ती जास्त कामी आली.

अर्थात सोबत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आधी येते ती पंगत. आणि पंगत म्हणजे आग्रह. "एवढीशी तर जिलबी आहे, घ्या हो!" माणसं चारचौघांत जास्त जेवतात हे शास्त्रानेही नोंदवलं आहे. जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांच्या आहाराच्या रोजनिशा तपासल्या, तेव्हा सोबतीने केलेलं जेवण एकट्याने केलेल्या जेवणापेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी मोठं भरलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात बारा हजारांहून अधिक लोकांची ३२ वर्षांची नोंद तपासली, तर मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मैत्रीमुळे लठ्ठपणा पसरतो की सारखीच माणसं मैत्री करतात, यावर संशोधकांची भांडणं आहेत. पण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या समाजाला त्यात धक्का बसण्यासारखं काय आहे? दहा जणांनी मिळून उपास धरला की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड चकत्या अशी दुसरीच पंगत बसते. समूहाला स्वतःचं मत नसतं. तिथे जे नेहमीचं, तिकडे तो ढकलतो.

नेहमीचं म्हणजे काय, ते किती सहज बदलतं हे पाहायला इगतपुरीतच थांबावं लागेल. स्टेशनावर गरम बटाटेवडा मिळतो. तिथून थोड्याच अंतरावर डोंगराच्या पायथ्याशी धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंका यांचं हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, संपूर्ण मौन. जेवण सकाळी अकराला. त्यानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळं, जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. रात्रीचं जेवण नाहीच. घरी नऊला ताटावर बसणारी माणसं इथे ते सहज सोडतात. विपश्यनेचा हेतू वजन घटवणं हा मुळीच नाही, तेवढ्यासाठी तिथे जाणं म्हणजे देवळात सावलीसाठी जाणं. पण समूहाच्या ताकदीचा याहून निखळ नमुना मला माहीत नाही. कुणी कुणाला धीर देत नाही, डोळ्याला डोळाही भिडवत नाही. दिवसातून तीनदा सगळे मिळून तासभर सामूहिक साधनेला बसतात, एवढंच. जेवायला न जाणं हे तिथे 'सोडणं' वाटत नाही, कारण कुणीच जात नाही. घरी परतल्यावर हीच माणसं पहिल्याच रात्री आमटीभात खातात, कारण घरी सगळे जेवायला बसलेले असतात.

म्हणून गट कसा, हा प्रश्न आहारापेक्षाही आधी येतो. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाच्या दूरदर्शन-स्पर्धेत माणसं एकमेकांवर मात करत काही महिन्यांत पन्नास-साठ किलो घटवायची. त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं तेव्हा १३ जणांचं वजन पुन्हा वाढलेलं होतं आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. स्पर्धा ही सोबत नव्हे. उलट ब्रिटनमध्ये १,२६७ जणांवर झालेल्या चाचणीत, आठवड्याला जमणाऱ्या साध्या गटात १२ आठवडे गेलेल्यांचं वजन वर्षाअखेर सरासरी पावणेपाच किलोंनी घटलं. वर्षभर जात राहिलेल्यांचं जवळपास पावणेसात. नुसती पुस्तिका मिळालेल्यांचं सव्वातीन. आकडे दिपवणारे नाहीत, पण खरे आहेत.

काट्यावरही अति विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये एकत्र फोटो काढून 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१! बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो. त्यामुळे आपल्याकडच्या गटात काट्याशेजारी कंबर मोजायची टेपही हवी. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही इशाऱ्याची रेघ. आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने गटाच्या उत्साहात जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं.

महाराष्ट्राला गटाचं हे गणित नवं नाही. श्रीकांत जिचकारांचा दोनच वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला आणि घराघरांत पोचवला. त्या आहारावर आहारतज्ज्ञांचे आक्षेप आहेत, ते ऐकण्यासारखेही आहेत. पण मला कुतूहल आहे ते त्याच्या पसरण्याचं. ज्याचं वजन उतरलं तो दुसऱ्याला समजावायला बसला, फुकट, संध्याकाळचा वेळ काढून. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मतदान केंद्रांच्या ६० परिसरांत असेच शेजाऱ्यांचे गट करून पाहिले, गटप्रमुखही त्यांच्यातलेच. दोन वर्षांनी मधुमेहाचं प्रमाण ठळकपणे खाली आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खाण्याच्या सवयी मात्र सुधारल्या.

इगतपुरीला गाडी पोचली की फलाटावर वडेवाले खिडक्यांशी येतात आणि मागे बँकर सुटतात. हल्ली काही गाड्यांना हा थांबा लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मध्य रेल्वेच्या राजधानीला पुढेमागे कायमचीच इंजिनं लावली आहेत. बाकी गाड्या मोकळ्या होऊन नाशिककडे निघतात. घाट चढून आलेली ती इंजिनं मात्र नाशिकला जात नाहीत. ती उतार उतरून पुन्हा कसाऱ्याला जातात. तिथे पुढची गाडी उभी असते.