बर्फ नाही? बांधी आहे ना!

मनालीचं ते रील तुम्हीही बघितलं असेल. कुणीतरी दोन्ही हातांनी बर्फ गोळा करतं, मित्राच्या पाठीत घालतं आणि पळत सुटतं. कारध्याच्या पुलावर उभं राहून मोबाईलमध्ये हे बघताना वाटतंच, आपल्या नशिबात काय, तर ऊन! आपला बर्फाशी संबंध दोनच ठिकाणी येतो. एक गोळ्याच्या गाडीवर आणि दुसरा गारपिटीत. गारा वेचायला मजा येते खरी, पण ज्याचा हरभरा आडवा झालाय त्याच्या अंगणात ती मजा करवत नाही.

तर बर्फाचं सोडा. खेळ सोडायचं मात्र काही कारण नाही.

जपानमध्ये होक्काइदो बेटावर सोबेत्सु नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात तिकडे पर्यटक फिरकत नसत. मग गावकऱ्यांनी पोरांच्या बर्फाच्या मारामारीलाच नियम लावले आणि 1989 मध्ये पहिली स्पर्धा भरवली. खेळाचं नाव युकिगासेन. एका टीममध्ये सात जण, डोक्यावर हेल्मेट, तीन मिनिटांचा एक सेट आणि त्या सेटसाठी आधीच करून ठेवलेले 90 गोळे. गोळा लागला की बाहेर. समोरच्यांचा झेंडा पळवला की सेट तुमचा. लपायला मैदानात बर्फाच्या आडभिंती. हा खेळ आता बऱ्याच देशांत खेळतात.

आता आपला किल्ला. बर्फाची भिंत उभी राहते ती दाबामुळे. कोरडा, पिठासारखा बर्फ मुठीत धरला तरी सांडतो. किंचित ओलसर बर्फ दाबला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि गोठून घट्ट होतात. ओल्या वाळूचंही थोडंफार असंच असतं, म्हणून पहिला विचार नदीकाठाचा येतो. तो डोक्यातून काढा. गोसेखुर्दचं अडलेलं पाणी मागे इथवर येतं. वरून कोरडा दिसणारा काठ खाली गाळाचा असू शकतो आणि गोळा चुकवायला मागे पळणारा माणूस मागे बघत नाही. शिवाय वाळू डोळ्यात गेली की खेळ तिथेच संपला.

त्यापेक्षा धान निघालेली बांधी बघा. जमीन टणक, चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मैदानाच्या सीमा आयत्याच आखलेल्या. पण एक गडबड होते. रिकामी दिसणारी बांधी रिकामी असेलच असं नाही. आपल्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोळी टाकतात. धान कापल्यावर खाली बारीक हिरवं दिसत असेल तर तिथे पाऊल नको. आणि ज्या काकांची बांधी आहे त्यांना आधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरी बांधी, वाद नाही.

भिंतीला तणसाच्या पेंढ्या. खाली तीन आडव्या, वर दोन, त्यावर एक. उकिडवं बसल्यावर डोकं झाकलं पाहिजे, एवढीच उंची पुरे. हार्वेस्टर फिरलेल्या शेतात पेंढ्या मिळणार नाहीत, तिथे मोकळं तणस जुन्या पोत्यांत ठासून भरा. तणस म्हणजे कुणाच्या तरी गाईचा वर्षभराचा चारा आहे. तुडवू नका, ओला करू नका, जवळपास शेकोटी तर अजिबात नको. खेळ झाला की जिथून आणलं तिथे परत रचा.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे गोल किल्ला. दिसतो झकास, पण आत शिरलात की बाहेर पडायची सोय नाही. आम्ही असाच बांधला होता. पाच जण आत, कोपर मागे घ्यायला जागा नाही आणि दोन मिनिटांत पाचही बाद. त्यापेक्षा तीन-चार सुट्या आडभिंती करा, एकमेकींपासून सात-आठ पावलांवर, मागेपुढे. एक जण मारा करून समोरच्यांना खाली बसवेल, तेवढ्यात दुसरा पुढच्या आडभिंतीपर्यंत पोचेल. खरा खेळ या पळण्यात आहे, नेमबाजीत कमी.

गोळे जुन्या मोज्यांचे. आत चिंध्या भरा, गाठ मारा. खडा, माती काही नको. वरून ओल्या गेरूत टेकवले की लागल्याचा ठसा उमटतो आणि ‘लागलाच नाही’वाल्यांची बोलती बंद. चेहऱ्यावर मारणारा स्वतः बाद, हा नियम आधीच ठरवा. हेल्मेट नसेल तर निदान चष्मा हवाच, बाईक चालवताना लावता तो चालेल. सात-सात जण जमले नाहीत तर चार-चार घ्या. गोळे मात्र मोजूनच द्या, माणशी दहा. संपत आले की कोण किती विचार करून फेकतो ते कळतं.

शनिवारी मोजे गोळा करायला लागा. कपड्यांवरचा गेरू घासला की निघतो. मोज्यांच्या जोड्या का लागत नाहीत, ते आईला तुमचं तुम्हीच सांगा.